हिची खोड काय?

मोरोशीच्या अलीकडच्या ओढ्याजवळ, जुलैतल्या एका शनिवारी, भर पावसात माझ्या मोटारसायकलने मला कळवलं की तिचा साइड स्टँड खाली आहे. स्टँड वर होता. मी उतरून पाहिला. वाकून पाहिला. पायाने खाली पाडून पुन्हा वर घेतला, बोट लावून तिलाही दाखवला. मीटरवरचं स्टँडचं लाल चित्र काही हललं नाही, उलट त्याच्या सोबतीला इंजिनाचं पिवळं चित्र येऊन बसलं. न्यूट्रलमध्ये इंजिन गुणी बाळासारखं सुरू व्हायचं आणि गिअर टाकला की मान टाकायचं. माझे डोळे म्हणत होते वर, सेन्सर म्हणत होता खाली, आणि गाडीने निकाल सेन्सरच्या बाजूने दिला होता.

एवढ्यात घाटाकडून दूधवाले तात्या राजदूतवर आले. दोन्ही बाजूंना दोन-दोन कॅन, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ. त्यांच्या राजदूतला पुढचा दिवा नव्हता, इंडिकेटर नव्हते, मागच्या मडगार्डच्या जागी डालड्याच्या डब्याचा पत्रा होता. पण ती चालू होती.

"काय गुर्जी, बंद?"

"हो ना तात्या."

"मंग मारा की किक."

"हिला किक नाही."

तात्या गाडीभोवती नजर फिरवून आले. "किकच नाय? मंग रुसली तर बोलायचं कुठनं तिच्याशी?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, गाडीच्या सत्तर पानी पुस्तिकेतही नव्हतं. ते पुस्तक मी नंतर वाचलं. त्यात दर तिसऱ्या पानावर 'अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा' असं लिहिलेलं आहे, आणि मोरोशीच्या ओढ्यावर मोबाइलला रेंज नसते.

शेवटी जुन्नरकडून टोमॅटो घेऊन कल्याणला निघालेल्या टेम्पोत क्रेटच्या मधोमध गाडी आणि गाडीच्या मधोमध मी, असे आम्ही साठेक किलोमीटर गेलो. तिथल्या वर्कशॉपात (नाव घेत नाही, माणसं बरी होती) गाडी आधी धुतली, कारण चिखलाची गाडी ते आत घेत नाहीत. मग इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका मुलाने सीटखाली वायर जोडली आणि लॅपटॉप उघडला. गाडीला त्याने हात म्हणून लावला नाही.

"एरर होता सर. क्लिअर केला."

"कसला एरर?"

"सिस्टीमचा."

बिलात स्कॅनिंग होतं, एरर क्लिअरिंग होतं, कन्झ्युमेबल नावाचं काहीतरी होतं आणि शेवटी वॉशिंगचे शंभर रुपये होते. मी वॉशिंगवरून भांडलो. बाकीचं काही कळत नसल्यामुळे निमूटपणे दिलं.

त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं की ही गाडी विकायची आणि जुनी, बिनइलेक्ट्रॉनिक गाडी घ्यायची. जिला डोकं नाही अशी. डोकं मी लावीन.

"चालेल," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "उद्यापासून मिक्सरही बंद. पाटा-वरवंटा धुऊन ठेवते. वाटण तुम्ही वाटा."

तसं पाहिलं तर माझ्या गाडीचा एकटीचा काही दोष नव्हता. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं आणि त्यात बहुतेक मोटारसायकलींचा कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी पेट्रोल मोजून फवारणारं इंजेक्शन आलं, आणि मोजायचं म्हटल्यावर मोजणारे आले. हवेचा एक सेन्सर, तापमानाचा एक, धुराच्या नळकांड्यात नाक खुपसून बसलेला एक. हे सगळे मिळून एका डबीला अहवाल देतात आणि डबी निर्णय घेते. शाळेत मी पंचवीस वर्षं याच पद्धतीखाली काढली असल्यामुळे मला ती ओळखीची वाटायला हवी होती. आणि खरं सांगायचं तर एबीएसने मला एकदा वाचवलंही आहे. सरळगावच्या पुढे रस्त्यात आडव्या बसलेल्या म्हशीपासून दीड हातावर गाडी सरळ उभी राहिली होती. पण उपकार आणि अपमान यांत माणूस अपमान जास्त दिवस सांभाळतो.

जुनी गाडी घ्यायची ही बातमी वैशाखऱ्यात सकाळी फुटली आणि दुपारपर्यंत माझ्या ओटीवर सल्लागार मंडळ भरलं. आमच्या गावात बैल किती उरले ते सांगता येईल, पण मोटारसायकलवरचे तज्ज्ञ मोजता येणार नाहीत. बुलेटवाले म्हणाले बुलेट. आरएक्सवाले म्हणाले आरएक्स. तात्या म्हणाले राजदूत, पण माझी नाय देणार. एका कोपऱ्यात माझे सासरे बसले होते. त्यांच्याकडे १९८८ सालची हिरो होंडा सीडी-१०० आहे. ती रोज चालते, लिटरला अजून साठ देते आणि कधी बंद पडलेली कुणी पाहिलेली नाही. म्हणूनच तिचं नाव कुणी काढलं नाही. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात असे. लोकांनी शब्दशः तसंच केलं. शहाण्या माणसाने घ्यावी ती हीच गाडी. पण शहाणा माणूस मुळात जुनी गाडी घ्यायला निघतच नाही.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर आतून आबा आले. माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यात मोटारसायकल चालवलेली नाही, मागे बसले तरी दोन्ही हातांनी टॉवेल धरतात. पण म्हशाच्या जत्रेतून त्यांनी अकरा बैल आणले आणि एकही फसला नाही. (एक फसला. त्याचा विषय घरात निघत नाही.)

"गाडी बघाया मी येतो," आबा म्हणाले.

"आबा, ती मोटारसायकल आहे."

"जुनीच हाय ना? कुनी वापरलेली? मंग ते जनावरच."

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. आता तिथे आकाशपाळणे आणि ब्लँकेटांची दुकानं जास्त दिसतात, पण आबांच्या लेखी जत्रा म्हणजे बैलबाजार. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचो. बैल घेताना पुढून बघायचा नाही, मागून बघायचा. जबडा उघडून दात मोजायचे. आदत आहे, दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळला. शेपटी पिळायची, खूर उचलायचा, दहा पावलं चालवायचा, मग अचानक थांबवायचा. आणि हे सगळं करून झाल्यावर मालकाच्या डोळ्यांत बघून एकच प्रश्न विचारायचा: "याची खोड काय?" मारका आहे, बसका आहे, बुजरा आहे, की रात्री दावं चावतो? "खोड नसलेला बैल ब्रह्मदेवाकडं पन नसतो," आबा म्हणायचे. "सांगत नाय तो इकनारा लबाड. इचारत नाय तो घेनारा येडा."

माझ्याबरोबर यायला त्यांना आणखी एक कारण होतं. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. तेव्हापासून आबा कुठेही यायला तयार असतात. तिकीट मी काढायचं आणि खिडकी त्यांनी घ्यायची.

पहिली गाडी पाहिली ती मुरबाडला, एका पुढाऱ्याची बुलेट. काळी, चकाचक, टाकीवर सोनेरी रेघ. सुरू नसतानासुद्धा ती सुरू असल्यासारखी वाटत होती. मालक म्हणाला, "साहेब, चाबूक कंडिशन. एक रुपयाचं काम नाही." मी पुस्तकी तयारी करून गेलो होतो. घरच्या फ्रिजवरचं गोव्याचं चुंबक खिशात होतं, ते मी टाकीला लावलं. डाव्या बाजूला चिकटलं. उजव्या बाजूला गोवा घसरून खाली पडलं. तिथे पत्रा कमी आणि लांबी जास्त होती, म्हणजे गाडी उजव्या कुशीवर कधीतरी जोरात आडवी झाली होती. मी विजयी मुद्रेने आबांकडे पाहिलं. आबा केव्हाच उकिडवे बसून इंजिनाखाली बघत होते.

"हितं ताजी वाळू का टाकलीय?"

मालक म्हणाला, अंगण सारखं करतोय. आबांनी काडीने वाळू उकरली. खाली काळं तेल. मग त्यांनी इंजिनाला तळहात लावला आणि लगेच काढून घेतला. "आमी यायच्या आदी पळवून आनलीस का रं हिला?" इंजिन कोमट होतं. थंड बुलेट सुरू करून दाखवायची म्हणजे गाडीची आणि माणसाची दोघांची परीक्षा. हँडलवरची डीकॉम्प्रेशनची कळ दाबायची, अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणायचा, कळ सोडायची आणि मग पूर्ण वजनाने एक किक. काटा चुकला तर किक उलटी येते आणि नडगीवर तारीख लिहून जाते. म्हणून विकणारे गाडी आधीच तापवून ठेवतात. जत्रेत बैलाला सकाळी गूळ चारून आणतात तसंच. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो, हे मी परतताना आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "मंग तिला उजवा-डावा कळत नाय. पुढाऱ्याकडंच ऱ्हाऊ दे."

दुसरी कल्याणला, आरएक्स-१००. ही १९८५ ते १९९६ या काळात निघाली. ९८ सीसीची, अकरा अश्वशक्तीची, अंगाने काटकी आणि आवाजाने अख्ख्या आळीची झोप उडवणारी. मालक वीस-बावीस वर्षांचा, म्हणजे गाडीहून लहान. तो किंमत सांगायच्या आधी रील दाखवत होता. "काका, इंजिन ओरिजिनल जपानचं आहे." कल्याण-डोंबिवलीत आज जितक्या आरएक्स 'जपानच्या' आहेत, तितक्या जपानात तरी असतील का याची मला शंका आहे. एक लाख चाळीस हजार! पण माझा खरा आक्षेप तात्त्विक होता. आरएक्सला पॉइंट नसतात. तिची ठिणगी सीडीआय नावाची एक काळी सीलबंद डबी पाडते. आता डबी म्हटलं की माझ्या पोटात मोरोशीचा ओढा येतो.

"आबा, ही इलेक्ट्रॉनिक आहे."

"हिची खोड काय?" आबांनी पोराला विचारलं.

"काही खोड नाही, आजोबा. माखन आहे एकदम."

आबा उठले. "चल."

तात्यांच्या राजदूतवर थोडा वेळ गेला, कारण ते विकायला नाही म्हणत होते आणि तरी रोज संध्याकाळी ओटीवर येऊन तिचे गुण सांगत होते. एस्कॉर्ट्सची, पावणेदोनशे सीसीची, मूळ बांधणी पोलंडची. राज कपूरच्या 'बॉबी'त १९७३ साली ऋषी कपूर आणि डिंपल ज्या छोट्या गाडीवर फिरले तीही राजदूतच, हे सांगताना तात्या लाजायचे. त्यांच्या गाडीवर त्यांच्या मागे कायम कॅनच बसलेले मी पाहिले आहेत.

मग ओतूरहून निरोप आला. एका कांदेवाल्या शेतकऱ्याकडे १९७९ सालची येझदी आहे. त्याच्या वडिलांची. वडील गेले, गोठ्यात उभी आहे, अधूनमधून फिरवतो.

माझ्या पिढीत येझदी म्हणजे वर्गातला तो मुलगा, ज्याला सगळे घाबरतात आणि ज्याच्यासारखं सगळ्यांना व्हायचं असतं. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून इथे बनवल्या. १९७३ पासून त्याच बनावटीला येझदी हे नाव मिळालं आणि १९९६ साली कारखाना बंद झाला. दोनशे पन्नास सीसी, एकच सिलिंडर आणि सायलेन्सर मात्र दोन. जेवणारा एक आणि ढेकर देणारे दोघे. सहा व्होल्टची वीज. हल्ली तेवढ्यात मोबाइल चार्ज होतो, येझदी तेवढ्यात दिवा लावायची. जूनच्या पहिल्या सरींआधी आमच्याकडे झाडांवर काजवे येतात. येझदीचा दिवा पाहून ते लाजणार नाहीत.

एसटीने माळशेज चढून, पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेकडेने आम्ही ओतूरला पोचलो. गोठ्यात दोन गाई, एक कालवड आणि त्यांच्या रांगेत गोणपाट पांघरलेली येझदी. तिच्या पुढ्यातसुद्धा कुणीतरी वैरणीची पेंढी टाकलेली होती. आबांचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

मी बरोबर टोकावड्याच्या मिस्त्रींना घेतलं होतं. सगळी हयात टू-स्ट्रोकच्या धुरात गेलेला माणूस. त्यांनी इंजिनाचं बाजूचं झाकण उघडलं आणि मला आत बोलावलं. देव्हाऱ्यात बोलावतात तसं. आत दोन इवलीशी टोकं एकमेकांना लागत होती आणि सुटत होती.

"हे पॉइंट, गुर्जी. हा कंडेन्सर. टाकीखाली कॉइल. बास. एवढ्यावर चालते."

"म्हणजे ही टोकं जुळली की ठिणगी पडते," मी म्हणालो. मी दहावीला विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवतो.

मिस्त्री हसले. "जुळताना नाय. तुटताना पडते. जुळलेली असताना कॉइल भरते. तुटली की सगळं एकदम प्लगात."

बरोबर होतं. प्रवाह तुटतो, चुंबकक्षेत्र कोसळतं, दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होतो, दोन गुणांसाठी. डोळ्यांनी पाहत होतो आज पहिल्यांदा, गाईच्या शेपटीचे फटके खात. मिस्त्रींनी पॉइंटमधलं अंतर सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्याने मोजलं, टोकं पॉलिश पेपरने घासली, प्लग काढून इंजिनावर टेकवला आणि किक मारली. निळी ठिणगी, चट् आवाजासकट.

"बघा. तुमच्या त्या लॅपटापाचं काम ह्या पुठ्ठ्यानं झालं," मिस्त्री म्हणाले. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण हात तेलाचे होते. त्यांचेही आणि आता माझेही.

येझदीची एक गंमत अशी की तिची किक आणि गिअर एकाच दांडीत आहेत. दांडी आत दाबून वर उचलली की ती किक होते. गाडी सुरू झाली की तीच पुढे पाडायची, मग ती गिअर. मी हे आबांना समजावून सांगितलं. "एका कासऱ्यावर दोन कामं," आबा म्हणाले, आणि त्यांना ते पटलेलं दिसलं. चावीच्या जागी सुतळी बांधलेला एक खिळा होता. मूळ चावी केव्हाच हरवली, खिळ्यावर उत्तम चालते, असं मालकाने सांगितलं. शिवाय हिच्या आवाजाने बिबट्या वस्तीवर फिरकत नाही. जुन्नर तालुक्यात कुठलीही वस्तू विकताना हा गुण सांगतातच.

मग आबांनी गाडीच्या मागे जाऊन एक डोळा मिटला आणि दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का पाहिलं. दहा पावलं ढकलत चालवली. अचानक थांबवली. आणि मालकाकडे बघितलं.

"हिची खोड काय?"

मालकाने क्षणभर विचार केला. "खोड आहे बाबा. खोटं कशाला बोलू. उभी करताना पेट्रोलचा कॉक बंद करायला लागतो. विसरलात तर पेट्रोल इंजिनात भरतं. मग म्हातारी तासभर ऐकत नाही. प्लग काढा, पुसा, वाळवा, मग येते."

"घेऊया," आबा मला म्हणाले.

किमतीचं बोलणं मला करायचं होतं, पण गोठ्यात मालकाचे चुलते बसलेले होते. आबांच्याच वयाचे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, काही न बोलता जवळ सरकले आणि आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून दोघांच्या हातांवर टाकला. चाळीसेक वर्षांनी मी पुन्हा तो प्रकार पाहत होतो. टॉवेलाखाली बोटं धरली जात होती, सोडली जात होती, दाबली जात होती. वर दोघांचे चेहरे पावसाच्या गप्पा मारत असल्यासारखे. मी, मिस्त्री आणि मालक, ज्याच्या गाडीचा सौदा चालला होता तोसुद्धा, शेजारी उभे. पाच मिनिटांनी टॉवेल उचलला गेला.

"साडेचार," आबा म्हणाले.

मी आनंदाने खिशात हात घातला. साडेचार हजार! चुलतेही खुशीत होते. "साडेचार," त्यांनी पुतण्याला सांगितलं, आणि तो म्हणाला, "बरं, पंचेचाळीस तर पंचेचाळीस."

बोटांची भाषा जुनी आहे आणि तिला आकडे कळतात, शून्यं कळत नाहीत. आबांच्या हिशेबात चांगला बैल कधी पाच हजारांच्या वर गेलाच नव्हता. पण टॉवेलाखाली दिलेला शब्द मोडत नाहीत, हे त्यांनी मला बाजूला घेऊन, थोड्या पडक्या आवाजात सांगितलं. पंचेचाळीस हजार मी दिले. तेवढी रक्कम मी नव्या गाडीचे शेवटचे हप्ते फेडायला ठेवली होती.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो आठवला की मला झोप लागत नाही. मूळ मालक हयात नसल्याने आधी वारसाच्या नावावर करायला नमुना ३१, मग दुसऱ्या आरटीओत न्यायचं म्हणून ना-हरकतीचा नमुना २८, मग माझ्या नावावर करायला २९ आणि ३०. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा जोडायचा. लहानपणी नाण्यांचे काढायचो तसा. एजंट म्हणाला, पन्नास वर्षांची असती तर व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी झाली असती, २०२१ पासून तसा नियम आहे, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. फक्त मग ती रोजच्या वापराला चालत नाही. म्हणजे येझदी आमची अशी, की म्हातारी म्हणून मान मिळायला तरुण आणि तरुण म्हणून चालायला म्हातारी. बाहेर पडताना मला नाणेघाटातला रांजण आठवला. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला आहे. सातवाहनांच्या काळात जकात त्यात टाकत असं सांगतात. रांजणात टाकायचं आणि चालू लागायचं. नमुना क्रमांक नाही.

गाडी खाली आणण्याचा दिवस मात्र विसरणार नाही. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल वेगळं मिळत नाही, पेट्रोलात मिसळलेलं तेवढंच. मिस्त्रींनी लिटरला चाळीस मिली सांगितलं होतं. आळेफाट्याच्या पंपावर मी टू-टी ऑइल मागितलं तेव्हा पंपावरच्या पोराने मला टी-ट्वेंटीचा स्कोअर सांगितला. शेवटी दुकानातून बाटली आणली आणि मोजायला माप नव्हतं, ते शेजारच्या परमिट रूमने दिलं. वर पेट्रोलात हल्ली वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला बाधतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं, असं मिस्त्रींनी बजावलं. इथेनॉल उसापासून होतं हे कळल्यावर आबा म्हणाले, "म्हंजे चिपाडच खाती की."

माळशेज उतरताना मला हेही कळलं की पेट्रोलातूनच तेल मिळत असल्याने लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवला तर इंजिन कोरडं पडतं. म्हणून मधूनमधून, खाली खोल दरी आणि समोर वळण दिसत असताना, मूठ पिळायची. मिस्त्रींनी हे फोनवर सांगितलं तेव्हा मी अर्ध्या घाटात होतो. ड्रम ब्रेक पावसात भिजले की विचार करून लागतात. मी उतारावर वेग वाढवतो आहे, डोळे मिटून ब्रेक दाबतो आहे, दोन सायलेन्सरमधून निळा धूर निघतो आहे, धबधब्याखाली नाचणारी मुंबईची मुलं टाळ्या वाजवत आहेत, आणि मागून आळेफाटा-कल्याण एसटीच्या खिडकीत बसून आबा माझ्यावर लक्ष ठेवत आहेत. असे आम्ही वैशाखऱ्यात दाखल झालो.

गावाने तिचं स्वागत केलं ते आपलं म्हणूनच. खिळा तर कुणाकडेही असतो. पहिल्या महिन्यात येझदी माझ्या अंगणातून पाच वेळा गेली आणि पाचही वेळा परत आली. एकदा तर टायरमध्ये हवा भरून. वर्गात मी दहावीच्या मुलांना झाकण उघडून पॉइंट दाखवले. सहामाहीत त्या प्रश्नाला सगळ्यांनी 'मिस्त्रींच्या मते' अशी सुरुवात केली. नवी गाडी अजून पडवीत होती. गिऱ्हाईक येत होतं, मीच तिच्या खोड्या इतक्या रंगवून सांगत होतो की परत जात होतं.

पुढच्या वर्षी ऑगस्टमधल्या एका रविवारी आबांना मागे बसवून शेताकडून परतत होतो. नाणेघाटाच्या पायवाटेपाशी ट्रेकर मुलांचा घोळका. मधोमध एक भली मोठी नवी मोटारसायकल, आणि तिच्या मीटरवर दोन चित्रं. लाल स्टँड, पिवळं इंजिन.

मला कसा आनंद झाला ते लिहिता येत नाही. येझदी कडेला लावून मी पुढे झालो.

"गिअर टाकला की बंद पडते ना?"

"हो सर! तुम्हाला कसं कळलं?"

"इलेक्ट्रॉनिक आहे. आता काही करू नका. कल्याणला न्यावी लागेल. स्कॅनर लागतो." मग मी त्यांना सेन्सर, डबी, लॅपटॉप, एकूणच माणसाच्या हातून सुटत चाललेलं यंत्र, यावर सविस्तर सांगू लागलो. मुलं ऐकत होती. दोघातिघांनी मानही हलवली. मी पॉइंट आणि कंडेन्सरवर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की आबा शेजारी नाहीत.

आबा गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवे बसले होते. खूर बघायला बसतात तसे. हातात निरगुडीची काडी. स्टँडच्या मुळाशी, जिथे एक बोंडाएवढी कळ आत-बाहेर होते, तिथे घट्ट लाल चिखल बसला होता. तो काडीने उकरून त्यांनी एका मुलाच्या बाटलीतलं पाणी ओतलं, फडक्याने पुसलं आणि काडी फेकून दिली.

"बघ रं आता."

लाल चित्र गेलं. गिअर पडला. गाडी निघाली. मुलांनी आबांबरोबर फोटो काढले.

घोळका गेल्यावर रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो. आबा ओढ्यात हात धुऊन आले.

"तुझ्या त्या नव्या गाडीला काय झालं होतं रं तवा?"

"सिस्टीमचा एरर होता, आबा."

"हां."

बिलातले वॉशिंगचे शंभर रुपये माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. मी घाईघाईने येझदीवर बसलो, दांडी आत दाबली, वर उचलली आणि किक मारली. मग आणखी एक. पाचव्या किकेला इंजिनातून पेट्रोलचा भपकारा आला तेव्हा मी खाली वाकून पाहिलं. कॉक उघडा होता.

आबांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला, रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि घाटाकडून येणाऱ्या एसटीला हात केला.